टेनेसीतील कॉन्फेडरेट सैनिकाचे पेन्शन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नामंजूर होण्याची कारणे

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, बाजूने लढलेल्या सैनिकाला वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारकडून पेन्शन मिळत नसे. उत्तरेच्या सैनिकासाठी १८६२ पासूनच कायदा होता आणि १८९० नंतर तर नव्वद दिवसांची नोकरी व कष्टाच्या कामाला आड येणारे कोणतेही अपंगत्व एवढ्या आधारावर त्याला दरमहा ६ ते १२ डॉलर मिळू लागले होते. हरलेल्या बाजूच्या माणसाला मात्र आपण राहतो त्या राज्याच्याच दारात जावे लागे, आणि ही राज्ये युद्धाने स्वतःच खंगलेली होती. नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा यांनी आधी कृत्रिम हातपाय दिले. प्रत्यक्ष पेन्शनचे कायदे त्यानंतर एकेका राज्याने केले. फ्लोरिडाने १८८५ मध्ये, मिसिसिपीने १८८८ मध्ये, टेनेसीने १८९१ मध्ये, टेक्सासने १८९९ मध्ये आणि केंटकीने तर थेट १९१२ मध्ये. प्रत्येक राज्याचे नियम निराळे होते. येथे टेनेसीची प्रक्रिया घेतली आहे, कारण तिथला अर्जाचा नमुना इतका खोलात शिरून प्रश्न विचारतो की नकार नेमका कोठून येत असे हे त्यातूनच कळते.

१८९१ च्या कायद्याने टेनेसीत पेन्शन तपासणी मंडळ नेमले आणि सैनिकासाठी तीन मुख्य अटी ठेवल्या. त्याला स्वतःचा चरितार्थ चालवणे अशक्य असले पाहिजे, तो सैन्यातून सन्मानाने बाहेर पडलेला असला पाहिजे, आणि अर्जापूर्वी किमान एक वर्ष तो टेनेसीचा रहिवासी असला पाहिजे. वाचायला या अटी सरळ वाटतात, पण सत्तरीकडे झुकलेल्या, हात थरथरणाऱ्या शेतकऱ्याला त्या सिद्ध करायच्या होत्या, आणि युद्ध संपून पाव शतक उलटल्यावर करायच्या होत्या.

रहिवासाच्या अटीचा गैरसमज सर्वाधिक होई, म्हणून ती आधी घेतो. सैनिक कोणत्या राज्याच्या पलटणीत लढला याला महत्त्व नव्हते. अर्जाच्या वेळी तो कोठे राहतो यालाच होते. जॉर्जियाच्या पलटणीत लढून पुढे चॅटनूगाला मुलाकडे राहायला आलेल्या माणसाने अर्ज टेनेसीच्या राजधानीत, नॅशव्हिलला, करायचा असे, जॉर्जियाकडे नव्हे. उलट टेनेसीच्या पलटणीतला जो सैनिक युद्धानंतर टेक्सासला गेला, त्याला टेनेसीकडे मागण्यासारखे काही उरत नसे. त्याने टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनलाच, अर्ज करायचा, आणि टेक्सासच्या कायद्याला तर १ जानेवारी १८८० पासूनचा रहिवास हवा होता. १८८५ मध्ये तिकडे गेलेला म्हातारा त्यामुळे दोन्हीकडून वंचित राहत असे. हद्दीवरच्या गावांत हा घोटाळा आणखी वाढे. ब्रिस्टल गावात स्टेट स्ट्रीटच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया यांची हद्द जाते. तो रस्ता ओलांडून लेकीच्या घरी मुक्काम हलवणे म्हणजे राज्य बदलणे होते, आणि परत आल्यावर पुन्हा वर्षभराचा रहिवास दाखवणे आले. अर्जात म्हणूनच टेनेसीत किती काळ राहता, एवढेच न विचारता कधीपासून, हेही विचारले जाई. नुसते ‘पूर्वीपासून’ असे उत्तर पुरेसे नसे.

आता दुसरी अट, जिच्यावर खरी माणसे अडकत. सन्मानाने बाहेर पडल्याचा पुरावा म्हणजे सेवामुक्तीचा कागद किंवा शरणागतीच्या वेळी मिळालेली पॅरोलची (पुन्हा शस्त्र न उचलण्याच्या शब्दावर सुटकेची) चिठ्ठी. ती बहुतेकांजवळ नसे. ॲपोमॅटॉक्स येथे एप्रिल १८६५ मध्ये शरण आलेल्या कॉन्फेडरेट सेनापती लीच्या सैन्यासाठी छपाईयंत्र लावून २८ हजारांहून अधिक चिठ्ठ्या छापून दिल्या गेल्या हे खरे; परंतु तळहाताएवढा तो कागद घडी करून खिशात घालून माणसे शेकडो मैल पायी घरी गेली. पुढच्या तीस वर्षांत घरे जळली, पूर आले, बिऱ्हाडे हलली, आणि तो कागद पुढे कधी भाकरी देईल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. सरकारी बाजूची कथा तर त्याहून वाईट. एप्रिल १८६५ च्या सुरुवातीला रिचमंड सोडताना कॉन्फेडरेट सरकारची कितीतरी दप्तरे आगीत गेली. सैन्यप्रशासनाचे प्रमुख सॅम्युअल कूपर यांनी काही नोंदी बरोबर नेल्या आणि शेवटी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे त्या विजेत्या सैन्याच्या हवाली केल्या, म्हणून जे उरले ते उरले. ते सारे वॉशिंग्टनला गेले. १९०३ मध्ये तिथल्या युद्धखात्याने दक्षिणेच्या गव्हर्नरांकडून पलटणींच्या याद्या उसन्या मागवल्या आणि एकेका सैनिकाची नोंद वेगळ्या कार्डावर उतरवून घेतली. तेव्हापासून वॉशिंग्टनला पत्र पाठवून खातरजमा करणे सोपे झाले, पण ज्या पलटणीच्या शेवटच्या हजेरीपटांचा पत्ताच नव्हता तिच्या सैनिकाच्या नावापुढे १८६४ नंतर कोरी जागा येई. ती जागा भरायची कोणी? राज्याचे उत्तर असे की अर्जदाराने.

त्या कोऱ्या जागेने टेनेसीच्या माणसांचा विशेष घात केला. डिसेंबर १८६४ मध्ये नॅशव्हिलच्या लढाईत कॉन्फेडरेट सेनापती हूडचे सैन्य मोडले आणि थंडीपावसात दक्षिणेकडे मागे हटू लागले. वाट याच सैनिकांच्या गावांवरून जात होती. कोणी आजारी पडून घरी राहिला, कोणाला नवीन भरती करण्यासाठी रजा मिळाली होती, आणि मग शत्रूची फळी ओलांडून पलटणीत परत जाता आले नाही, असे सांगणारे कितीतरी अर्ज आहेत. त्यांतले काही खरे आणि काही सोयीचे असणार, हे मान्य केले पाहिजे. पण मंडळाला दोहोंतला फरक ओळखण्याचे साधन नव्हते आणि नोंद नसेल तेथे संशयाचा फायदा अर्जदाराला मिळण्याची खात्री नव्हती. आणखी एक गट मुदतीच्या गैरसमजाचा. १८६१ मध्ये अनेकांनी बारा महिन्यांसाठी नाव घातले होते. १६ एप्रिल १८६२ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्याने १८ ते ३५ वयाच्या माणसांची नोकरी तीन वर्षांपर्यंत वाढली. आपले वर्ष भरले म्हणून जो शेतावर परतला, तो पटावर फरारी ठरला. म्हातारपणी अर्ज करताना अशा माणसाने ‘मुदत संपल्यावर परतलो’ असे सरळ मनाने लिहिले तर ते त्याच्याच विरुद्ध जाई.

कागद नसेल तर साक्षीदार. ज्यांनी अर्जदाराला पलटणीत पाहिले आहे अशा जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे चालत, आणि सारे ओझे याच मुद्द्यावर येऊन पडे. सोबतीही तेवढेच म्हातारे होते. कंपनीतला कॅप्टन गेलेला, शेजारच्या काउंटीतला (जिल्ह्यातला) एक आंधळा झालेला, दुसरा आर्कान्सासमध्ये कोठेतरी. नॅशव्हिलहून १८९३ पासून निघणाऱ्या ‘कॉन्फेडरेट व्हेटरन’ मासिकात यासाठी छोट्या विनंत्या येत असत: अमुक पलटणीच्या अमुक कंपनीतला कोणी हयात असेल तर त्याने पत्र पाठवावे, पेन्शनसाठी साक्ष हवी आहे. साक्षीदाराने काय लिहावे यालाही महत्त्व होते. अर्जदार ‘चांगला सैनिक होता’ असे लिहून काहीच साध्य होत नसे. शेवटी त्याला कोठे आणि कोणत्या महिन्यात पाहिले, हे हवे असे. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोला सेनापती जॉन्स्टनच्या सैन्याबरोबर, की मे १८६५ मध्ये अलाबामातील गेन्सव्हिलला सेनापती फॉरेस्टच्या घोडदळाबरोबर? दोन साक्षीदारांनी दोन ठिकाणे सांगितली, तर एकही साक्षीदार नसण्यापेक्षा ते अधिक वाईट.

अर्जातला आणखी एक प्रश्न वरवर साधा दिसे: अमेरिकी सरकारशी निष्ठेची शपथ घेतली होती का, घेतली असल्यास केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत? येथे अनेक प्रामाणिक माणसे नुसते ‘होय’ लिहून मोकळी झाली. पण दोन शपथांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. युद्ध चालू असताना, विशेषतः डिसेंबर १८६३ मधील लिंकन यांच्या माफीच्या जाहीरनाम्यानंतर, जो शपथ घेऊन घरी बसला त्याने मंडळाच्या दृष्टीने पक्ष सोडला होता. शरणागतीनंतर घेतलेली शपथ ही जवळजवळ सर्वांचीच होती. पॉइंट लुकआउटसारख्या छावण्यांतले युद्धकैदी जून १८६५ मध्ये ती घेऊनच सुटले. म्हणून या प्रश्नात तारीख हीच महत्त्वाची. पॅरोल आणि शपथ यांतही गल्लत होई: पॅरोल म्हणजे पुन्हा शस्त्र न उचलण्याचा शब्द, शपथ म्हणजे निष्ठा बदलणे. चाळीस वर्षांनंतर, लिहिता न येणाऱ्या माणसाने शेजाऱ्याकडून अर्ज भरून घेताना हे भेद कोणी समजावून सांगितले असतील अशी शक्यता कमीच होती.

गरिबी सिद्ध करण्याचे प्रश्न वाचताना मात्र संताप येतो. जमीनजुमला किती आणि त्याची रोख किंमत काय, हे विचारणे समजू शकते. पत्नीच्या नावावर काय आहे, हेही. पण त्यापुढे मागील पाच वर्षे तुम्ही व तुमच्या कुटुंबाने निर्वाह कसा केला, असा प्रश्न होता, आणि त्याचे प्रत्येक उत्तर अर्जदाराच्या अंगावर येणारे होते. स्वतः राबून, असे लिहिले तर अर्थ असा की काम करता येते. मुले पोसतात, असे लिहिले तर आधार आहे. शेजाऱ्यांच्या दयेवर, असे लिहिणे ज्याला जमले त्याची बाजू बळकट, म्हणजे ज्याने अब्रू झाकून ठेवली तोच मागे पडला. याच्या जोडीला, तुम्ही मादक पेये घेता का आणि किती, हाही प्रश्न होता. पाय गमावलेल्या माणसाच्या पोटाशी त्याच्या पेल्याचा काय संबंध, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक. ज्यांच्याजवळ घरच नव्हते त्यांच्यासाठी १८९२ पासून नॅशव्हिलजवळ हर्मिटेज येथे सैनिकांचा आश्रम होता.

बाकीचे नेहमीचे: जन्माची काउंटी व वर्ष, पलटणीच्या अधिकाऱ्यांची नावे, जखमेचे वर्णन, डॉक्टरचा दाखला, शपथेवर सही किंवा खूण, आणि अर्ज नॅशव्हिलकडे रवाना.

सैनिक वारला की पेन्शन थांबे, पत्नीकडे आपोआप जात नसे. विधवांसाठी टेनेसीने १९०५ पर्यंत कायदाच केला नव्हता, आणि केला तेव्हाही तिने स्वतंत्र अर्ज करून कायदेशीर विवाहाचा पुरावा आणि नवऱ्याच्या सन्माननीय सेवेचा पुरावा असे दोन्ही द्यायचे होते. म्हणजे नवऱ्याने हयातीत अर्ज केलाच नसेल, तर त्याच्या सोबत्यांचा शोध तिने नव्याने सुरू करायचा, ज्यांना तिने आयुष्यात कधी पाहिलेही नसेल. विवाहनोंदीची वही काउंटीच्या कचेरीबरोबर जळाली असल्यास लग्नाला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रे मिळवणे एवढाच मार्ग राही. ज्या बायकांचे नवरे मंजूर पेन्शन घेत वारले त्यांचे काम पुष्कळ हलके झाले, कारण निम्मा पुरावा आधीच मंडळाच्या दप्तरात होता.

ज्या व्यवस्थेसाठी हे सैन्य लढले ती गुलामगिरीची होती, आणि तिने सक्तीने छावणीत नेलेल्या कृष्णवर्णीय माणसांचे काय झाले हे सांगितल्याशिवाय ही माहिती पुरी होत नाही. स्वयंपाकी, मोतद्दार, मालकाचे खासगी नोकर म्हणून राबलेल्या या लोकांना मिसिसिपीने १८८८ च्या कायद्यातच घेतले होते. टेनेसीने त्यांना १९२१ पर्यंत थांबवले. तोपर्यंत युद्धकाळात वीस वर्षांचा असलेला माणूस ऐंशीचा झाला होता. त्यातही त्याला सांगावे लागे ते आपण कोणत्या मालकाच्या सेवेत होतो. ज्या माणसाने त्याला विकत घेतले होते, त्याचेच नाव त्याच्या हक्काचा पुरावा ठरावे, हे वाचवत नाही.

कडक प्रश्नांमुळे खोटे अर्जदार अडत, असे म्हणावे तर तसेही दिसत नाही. टेक्सासचे वॉल्टर विल्यम्स १९३२ पासून कॉन्फेडरेट पेन्शन घेत होते आणि १९५९ मध्ये वारले तेव्हा युद्धाचा शेवटचा हयात सैनिक म्हणून त्यांना निरोप दिला गेला. जनगणनेच्या नोंदींवरून मात्र युद्ध सुरू झाले तेव्हा ते लहान मूल असल्याचे दिसते. साक्षीदार मरून गेल्यावर उलटतपासणी करायलाही कोणी उरले नव्हते. केंद्र सरकारने कॉन्फेडरेट सैनिक व त्यांच्या विधवा यांना पेन्शनच्या कायद्यात घेतले ते १९५८ मध्ये.

ज्यांना हे अर्ज आज पाहायचे आहेत त्यांच्यासाठी: सैनिकांच्या फायली ‘एस’ आणि विधवांच्या ‘डब्ल्यू’ या अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकांनी लावलेल्या असून त्या नॅशव्हिल येथील टेनेसी राज्य ग्रंथालय व अभिलेखागारात आहेत. सैनिक ज्या राज्यात वारला तेथील दप्तर आधी पाहावे, भरती झाला तेथील नंतर. पती-पत्नी दोघांच्याही फायली मागवाव्यात, कारण नवऱ्याच्या फायलीत नसलेली साक्ष बायकोच्या फायलीत सापडते. आणि फायलीवर नामंजुरीचा शेरा दिसला म्हणून तो माणूस रणातून पळाला असे धरू नये. आतली पत्रे वाचून नकार रहिवासामुळे आहे, मालमत्तेमुळे आहे की साक्षीदार न मिळाल्यामुळे, हे पाहावे आणि मग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील त्याच्या सेवेच्या कार्डांशी ताडून घ्यावे.