तरुण फॅमिली डॉक्टरांचे अभ्यासगट

फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण घेणारे किंवा ते नुकतेच संपवलेले डॉक्टर एखाद्या विषयाच्या ओढीने एकत्र येतात आणि त्या विषयाचा अभ्यास, चर्चा व काम सातत्याने करतात, तेव्हा त्यांच्या गटाला 'स्पेशल इंटरेस्ट ग्रुप' म्हणतात. मराठीत त्याला अभ्यासगट म्हणणे सोयीचे आहे. 'तरुण' हा शब्द इथे वयासाठी नाही. युरोपात रूढ झालेल्या व्याख्येनुसार प्रशिक्षणार्थी आणि पात्रता मिळाल्यापासून पहिल्या पाच वर्षांतले डॉक्टर यात धरतात. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सने याच टप्प्याला 'फर्स्ट फाइव्ह' असे नाव दिले आहे. चाळिशीत या शाखेकडे वळलेला डॉक्टरही या अर्थाने तरुणच.

या गटांची गरज फॅमिली डॉक्टरच्या कामाच्या स्वरूपातून येते. हृदयरोगतज्ज्ञाच्या आजूबाजूला त्याच विषयात मुरलेले सहकारी असतात. फॅमिली डॉक्टरसमोर सकाळच्या दोन तासांत तान्ह्या बाळाचा जुलाब, आजोबांचा गुडघा, दहावीतल्या मुलीची झोप आणि कुणाच्या तरी छातीतली कळ असे सगळे येऊन जाते, आणि बहुतेक वेळा तो खोलीत एकटाच असतो. हा एकटेपणा पहिल्या पाच वर्षांत सर्वांत जास्त जाणवतो. शिकवणारे वरिष्ठ मागे राहिलेले असतात आणि स्वतःच्या निर्णयावरचा भरवसा अजून पक्का झालेला नसतो.

आपल्याकडचे रोजचे उदाहरण घ्या. तालुक्याच्या गावात नव्याने दवाखाना थाटलेल्या डॉक्टरकडे अंगदुखी आणि थकवा घेऊन रुग्ण येतो आणि म्हणतो, ''डॉक्टर, एक सलाइन लावा, म्हणजे तरतरी येईल.'' पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला ती शिरेतून देण्यात काही हशील नाही, हे डॉक्टरला ठाऊक असते. पण नाही म्हटले तर रुग्ण समोरच्या दवाखान्यात जाणार, हेही ठाऊक असते. अशा वेळी पुस्तकातले ज्ञान पुरत नाही. नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, रुग्णाला न दुखावता त्याची थकव्याची तक्रार खरी मानून पुढे कसे जायचे, हे असाच प्रसंग अनुभवलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडूनच शिकता येते. बेल्जियमचे फॅमिली डॉक्टर मार्क जामूल यांनी 1986 मध्ये 'क्वाटर्नरी प्रिव्हेन्शन' ही कल्पना मांडली. रुग्णाला अनावश्यक वैद्यकीय उपायांपासून वाचवणे हा तिचा गाभा. आज या विषयावर आंतरराष्ट्रीय अभ्यासगट आहे. सलाइनच्या बाटलीवरून सुरू झालेला तरुण डॉक्टरचा प्रश्न थेट त्या गटाच्या विषयाला जाऊन भिडतो.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या 2000 सालच्या 'एनएचएस प्लॅन'नंतर 'विशेष रुची असलेले जीपी' (जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे फॅमिली डॉक्टर) असे पदच निघाले. त्वचारोग, मधुमेह अशा एखाद्या विषयात जादा प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले काही तास तेच रुग्ण पाहणारे हे डॉक्टर. अभ्यासगटाचा सदस्य असा अर्धा तज्ज्ञ होत नाही. तो सर्वांसाठीचाच डॉक्टर राहतो. एका विषयात खोल उतरून तो जे मिळवतो, ते परत आपल्या रोजच्या दवाखान्यात आणतो. माझ्या मते या गटांचे खरे मोल इथेच आहे. फॅमिली मेडिसिनच्या रुंदीला ते धक्का लावत नाहीत, उलट तिला जागोजागी खोली देतात.

गटांचा इतिहास 'वोंका' या फॅमिली डॉक्टरांच्या जागतिक संघटनेशी जोडलेला आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या छत्राखाली आज सुमारे 5 लाख डॉक्टर येतात आणि तिचे 7 विभाग आहेत. ग्रामीण आरोग्य, स्त्रिया आणि फॅमिली मेडिसिन, मानसिक आरोग्य, पर्यावरण अशा विषयांवर तिची कार्यदले आहेत आणि त्यांच्या जोडीने काहीसे लहान, लवचीक असे अभ्यासगट. सुरुवातीला हे सगळे बहुतांशी मुरलेल्या प्राध्यापकांचे क्षेत्र होते. तरुणांसाठी वेगळी जागा असावी, हा विचार 2004 च्या अॅमस्टरडॅम येथील युरोपीय परिषदेत पुढे आला आणि पुढच्या वर्षी ग्रीसच्या कोस बेटावर, हिपोक्रॅटिसच्या जन्मभूमीत, 'वास्को द गामा मूव्हमेंट' रीतसर उभी राहिली. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत उरलेल्या विभागांतही तरुणांच्या चळवळी निघाल्या. आशिया-पॅसिफिकची 'राजकुमार मूव्हमेंट' ही मलेशियाचे डॉ. एम. के. राजकुमार यांच्या नावाने आहे. ते 1986 ते 1989 या काळात वोंकाचे अध्यक्ष होते. पूर्व भूमध्य विभागाने देवी आणि गोवर यांतला फरक लिहून ठेवणाऱ्या अल-राझी या वैद्याचे नाव घेतले. लॅटिन अमेरिका, स्पेन आणि पोर्तुगाल मिळून झालेल्या विभागाने 'वायनाकाय' हा क्वेचुआ भाषेतला तारुण्यवाचक शब्द निवडला. आफ्रिकेची 'अॅफ्रीवॉन रेनेसाँस', उत्तर अमेरिकेची 'पोलारिस' आणि आपल्या दक्षिण आशियाची 'स्पाइस रूट'.

नावांचा हा नकाशा मराठी आणि कोकणी वाचकाने जरा थांबून पाहण्यासारखा आहे. 1498 मध्ये कालिकतजवळ उतरलेल्या खलाशाचे नाव युरोपच्या डॉक्टरांनी साहसाचे प्रतीक म्हणून घेतले. ज्या मिरीसाठी तो आला, तिच्या मार्गाचे नाव आपल्याकडच्या डॉक्टरांनी घेतले. गोव्यात त्याच्या नावाचे अख्खे शहर आहे, तेव्हा या नावामागे केवढा इतिहास आहे हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे युरोपीय संघटनेने नाव बदलून साधेसे 'युरोपियन यंग फॅमिली डॉक्टर्स मूव्हमेंट' केले. खलाशी गेला, काम राहिले. योगायोग असा की, भारतात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी फॅमिली मेडिसिन सुरू करण्यात पुढाकार घेणाऱ्यांत कोझिकोडचे, म्हणजे त्याच कालिकतचे महाविद्यालय आहे.

युरोपीय चळवळीत आधी शिक्षण, संशोधन, देवाणघेवाण अशी कामाच्या प्रकारानुसार पथके होती. विषयवार गट त्यांच्या जोडीने वाढले. त्यांतला कौटुंबिक हिंसाचारावरचा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तरुण डॉक्टर जिथे हमखास गोंधळतो तिथेच तो हात घालतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या जवळपास दर तीन स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते. म्हणजे कोणत्याही फॅमिली डॉक्टरच्या बाकावर ती रोज बसलेली असते. ती 'मला मारतात' असे सांगायला येत नाही. डोके दुखते, झोप लागत नाही, पोटात गोळा येतो असे सांगत महिन्यातून तीनदा येते. केसपेपरवर तीच तक्रार तिसऱ्यांदा लिहिताना डॉक्टरच्या मनात शंका येते, पण शेजारच्या खुर्चीत नवरा बसलेला असतो आणि तिच्याऐवजी तोच उत्तरे देत असतो. आता काय करायचे? संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे प्रत्येकीला सरसकट विचारा असे सांगत नाहीत. लक्षणे पाहून विचारा म्हणतात, आणि ती एकटी असतानाच. म्हणून आधी तिला एकटीला भेटण्याची वाट काढावी लागते: 'वजन बघूया', 'लघवीची तपासणी करूया', 'तुम्ही जरा बाहेर बसता का, मला यांना तपासायचंय'. मग पाच पायऱ्या येतात. ऐकायचे, तिला काय हवे ते विचारायचे, तिच्यावर विश्वास आहे हे दाखवायचे, तिच्या सुरक्षिततेचा विचार तिच्यासोबत करायचा आणि मदतीची ठिकाणे जोडून द्यायची. 'सोडून का देत नाहीस त्याला?' हा सहज तोंडून निसटणारा प्रश्न मात्र टाळायचा.

अशी गोष्ट व्याख्यानातून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी कार्यशाळेत एक डॉक्टर रुग्ण होतो, एक नवरा होतो, एक डॉक्टर होतो, आणि बाकीचे बघतात. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो, आणि त्यातूनच शिकतो. मुंबईत याच विषयावर वेगळ्या वाटेने मोठे काम झाले आहे. महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू केले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यामुळे संरक्षण अधिकाऱ्याची सोयही झाली. पण गल्लीतल्या दवाखान्यापासून तिथवरचा पूल फॅमिली डॉक्टरलाच बांधावा लागतो.

ग्रामीण भागासाठी 'रूरल सीड्स' हे तरुण डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचे जाळे आहे. त्यांच्या 'रूरल कॅफे' या ऑनलाइन गप्पांत ब्राझीलच्या खेड्यातला आणि दुसऱ्या टोकाच्या देशातला डॉक्टर एकमेकांच्या अडचणी ऐकतात. 2018 च्या एप्रिलमध्ये वोंकाची जागतिक ग्रामीण आरोग्य परिषद नवी दिल्लीत भरली. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आल्मा-आटा जाहीरनाम्याला तेव्हा 40 वर्षे होत होती आणि दिल्लीच्या जाहीरनाम्यात त्याचीच उजळणी होती. लैंगिकता व विविधतेवरचा 'इक्वली डिफरंट', स्थलांतरितांचे आरोग्य, तातडीचे उपचार, हवामानबदल असेही विषय गटांनी हाती घेतले आहेत.

गट चालतो कसा? समन्वयक एक-दोन, महिन्याकाठी एक व्हिडिओ बैठक, मधल्या काळात व्हॉट्सॲप आणि सगळ्यांनी मिळून लिहिलेला मसुदा. वर्षातून एकदा परिषदेच्या आदल्या दिवशी तरुणांची पूर्वपरिषद आणि त्यात दीड तासाची कार्यशाळा. युरोपात तरुणांचे स्वतंत्र संमेलनही सुरू झाले, पहिले 2014 मध्ये बार्सिलोनाला, दुसरे 2015 मध्ये डब्लिनला. 'हिपोक्रेट्स' योजनेतून युरोपातला डॉक्टर दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्याच्या दवाखान्यात दोन आठवडे बसतो. 'फॅमिली मेडिसिन 360' या योजनेने तीच सोय जगभर नेली. गटातली ओळख इथे कामी येते.

काही ठिकाणी बालिंट पद्धतीची बैठक होते. मायकेल आणि एनिड बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ती घडवली. आठ-दहा डॉक्टर गोलात बसतात. एक जण कागद न बघता मनात सलणाऱ्या रुग्णाविषयी बोलतो. बोलून झाले की खुर्ची थोडी मागे सरकवतो आणि गप्प राहतो. बाकीचे त्या रुग्णाच्या जागी, त्या डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवून बोलत राहतात. सल्ला द्यायचा नसतो. त्या मागे सरकवलेल्या खुर्चीत बसून आपल्याच रुग्णाची गोष्ट दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना जे उलगडते, ते एरवी उलगडत नाही. आता हे ऑनलाइनही होते. तिथे माइक बंद करणे हेच खुर्ची मागे घेणे.

या गटांची सर्वांत मोठी अडचण त्यांच्या व्याख्येतच आहे. पाच वर्षे झाली की माणूस 'तरुण' राहत नाही. पहिली दोन वर्षे रुळण्यात जातात, काम हाती बसते तोवर निरोपाची वेळ येते. त्यामुळे जे गट नव्या समन्वयकाला जुन्यासोबत काही महिने बसवतात, ते टिकतात. ज्यांचे सगळे एकाच उत्साही माणसाच्या फोनमध्ये असते, ते त्याच्याबरोबर संपतात. शिवाय हे सारे बिनपगारी, रात्रपाळी आणि लहान मुले सांभाळून. परिषदेचे शुल्क आणि विमानभाडे परवडणारे आणि न परवडणारे अशी दरी आहेच, आणि चर्चेची भाषा बहुधा इंग्रजी. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्याच भाषेत दुखणी ऐकणाऱ्या डॉक्टरांना ती बैठकीत गप्प बसवते.

भारतात 'पहिली पाच वर्षे' मोजायची कुठून, हाच प्रश्न आहे. एमबीबीएस झालेला डॉक्टर कोणत्याही जादा प्रशिक्षणाशिवाय फॅमिली डॉक्टर म्हणून पाटी लावू शकतो, आणि महाराष्ट्रात त्या पाटीवर बीएएमएस, बीएचएमएस या पदव्याही तितक्याच परिचयाच्या आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी फॅमिली मेडिसिन हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने या विषयातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा पुरस्कार केला. 2010 मध्ये 'अकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि 2012 पासून तिचे संशोधनविषयक नियतकालिक निघते. तरीही सरकारी महाविद्यालयातून निघून बंधपत्राचे एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढणारा डॉक्टर या कोणत्याच नोंदीत नीट बसत नाही. एकटेपणा मात्र त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त येतो.

अशा तरुणांना एकत्र आणण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. 1974 मध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनाच्या वातावरणात काही तरुण डॉक्टरांनी 'मेडिको फ्रेंड सर्कल' सुरू केले. महाराष्ट्रातले डॉ. अनंत फडके, डॉ. अभय बंग अशी मंडळी त्यात होती. 1976 पासून त्याचे नियतकालिक निघू लागले. वर्षाला एक विषय, त्यावर आधी लिहून वाटलेली टिपणे, मग बहुधा सेवाग्रामला दोन-तीन दिवस भारतीय बैठकीवर बसून वाद. तिथे वयाची अट नव्हती, म्हणून तेव्हाचे तरुण पन्नास वर्षांनंतरही त्यातलेच आहेत. नव्यांना जागा करून देणे आणि जुन्यांचा अनुभव धरून ठेवणे यांतली ओढाताण त्यांनीही अनुभवली. पाच वर्षांच्या अटीने ती मिटवायचा युरोपचा मार्ग वेगळा, सेवाग्रामच्या सतरंजीवरचा वेगळा. स्पाइस रूटच्या तरुण डॉक्टरांपुढे आज हे दोन्ही आहेत.