साठीची बुद्धी आणि एचआयव्हीने थकवलेला मेंदू

‘साठी बुद्धी नाठी’ म्हटले की विषय संपतो. माणूस नावे विसरू लागले, हिशेबाला वेळ लावू लागले, दोघे एकदम बोलले की गोंधळू लागले, की घरची मंडळी वयाकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण तेच माणूस वीस वर्षे एचआयव्हीच्या गोळ्या घेत असेल तर?

गोव्यात हा प्रश्न आता क्वचितचा राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे इथले प्रमाण ११.२ टक्के होते, केरळखालोखाल देशात दुसरे. दुसरीकडे, सरकारी केंद्रांतून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधे मोफत मिळू लागली ती २००४ साली. तेव्हा चाळिशीत असलेले रुग्ण आज साठीच्या पलीकडे आहेत. १९८९मध्ये रक्तात विषाणू सापडला एवढ्याच कारणासाठी डॉमिनिक डिसोझा यांना इथे कोंडून ठेवले होते, आणि १९९२मध्ये ते वारले. त्या काळी एचआयव्ही झालेल्याच्या म्हातारपणाचा विचार कोण करणार होते?

आधी वयाचे पाहू. निरोगी म्हातारपणात मेंदूचा वेग कमी होतो. नवी गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागतो, ओठांवर आलेले नाव बाहेर येत नाही, एका वेळी दोन कामे जमत नाहीत. शब्दसंग्रह, अनुभवाचे ज्ञान, व्यवहाराची जाण मात्र बरीच वर्षे टिकते. गावच्या जत्रेत चाळीस वर्षे नाटकात काम केलेला नट पाहा. तरुणपणी पाठ केलेली संगीत नाटकातली पदे तो आजही बिनचूक म्हणेल, पण यंदाच्या नव्या नाटकाची चार पाने पाठ करताना घायकुतीला येईल. मेंदूचा पुढचा भाग आणि आठवणी साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस वयानुसार आक्रसतात, पण ही घट संथ असते, दशकांच्या हिशेबाने मोजण्यासारखी.

एचआयव्हीचे काम वेगळ्या वाटेने चालते. संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू रक्तातल्या पेशींबरोबर मेंदूत पोचतो. तिथे तो विचार करणाऱ्या चेतापेशींना थेट धरत नाही. तो धरतो मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज, म्हणजे मेंदूच्या पहारेकरी पेशी. या पेशी भडकतात, दाहकारक रसायने सोडतात, विषाणूची काही प्रथिनेही विषासारखी वागतात, आणि त्याचा मार चेतापेशींना बसतो. शेजारच्या घराला आग लागावी आणि धुराने आपल्या भिंती काळ्या व्हाव्यात, तसे. औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली आला तरी मेंदूतला हा सौम्य दाह काही जणांत धुमसत राहतो.

औषधे येण्याआधी एड्सच्या अवस्थेतल्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश होत असे. अमेरिकेतल्या १,५५५ रुग्णांच्या ‘चार्टर’ अभ्यासाने २०१०मध्ये चित्र किती पालटले ते दाखवले. इतर गंभीर कारणे असलेले रुग्ण बाजूला काढल्यावर पूर्ण स्मृतिभ्रंश फक्त २ टक्क्यांत, रोजच्या जगण्यात जाणवणारा सौम्य दोष १२ टक्क्यांत, आणि केवळ चाचणीत दिसणारा, घरच्यांना न कळणारा दोष ३३ टक्क्यांत होता. या शेवटच्या आकड्याकडे मी जरा साशंकतेने बघतो. ज्या निकषांवर तो काढला, त्यांवर पूर्ण निरोगी माणसांतलेही सुमारे २० टक्के नापास होऊ शकतात. चौथीपर्यंत शिकलेल्या सत्तरीतल्या बाईंपुढे कागद-पेन्सिलची चाचणी ठेवली आणि शहरी पदवीधरांच्या सरासरीशी त्यांची तुलना केली, तर निकाल काय लागणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चाचणीतले कमी गुण म्हणजे मेंदूची इजा नव्हे, असे याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२३मध्ये स्पष्ट मांडले आहे.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहू, आणि इथेच पंचाईत होते. वेग मंदावणे दोन्हीत आहे. लक्ष न लागणे, बेत आखताना गडबडणे, दोन्हीत. आठवण्याची तऱ्हासुद्धा सारखीच: आठवण साठवलेली असते, बाहेर काढता येत नाही, आणि ‘अहो, तो म्हापशाचा, बँकेतला’ असा दुवा दिला की नाव सुचते. अल्झायमरमध्ये असा दुवा सहसा कामी येत नाही, कारण तिथे नवी आठवण नीट साठतच नाही. म्हणजे दुव्याने नाव सुचते की नाही यावरून अल्झायमरचा संशय कमी-जास्त करता येईल, पण वय की एचआयव्ही हे ठरणार नाही.

ठरवायला मदत होते ती इतर खुणांची. पहिली खूण बोटांची. एचआयव्हीचा परिणाम मेंदूच्या खोलवरच्या, हालचाली सांभाळणाऱ्या भागांवर होतो. भजनी मंडळातला तबलजी ठेका विसरलेला नाही, पण द्रुत लयीत बोटे मागे पडतात, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, चाल अडखळते. वयानेही हात मंदावतात, संधिवातानेही. पण पंचावन्नाव्या वर्षी, बरोबरीच्यांच्या मानाने फारच मंदावले तर दखल घ्यावी. २००५मध्ये तयार झालेली आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया मोजणी याच खुणेवर बेतलेली आहे. बोटांची टपटप, मग मूठ-तळवा-कड असा हाताचा क्रम, आणि चार शब्द थोड्या वेळाने आठवणे. १२पैकी १० किंवा कमी गुण आले तर पुढची तपासणी. त्यात लिहिणे-वाचणे नाही, म्हणून ती इथल्या वयस्कांना जास्त न्याय देते.

दुसरी खूण गतीची. वय एकाच दिशेने, हळूहळू जाते. एचआयव्हीचा दोष कधी वर्षानुवर्षे आहे तिथेच थांबतो, कधी थोडा वाढून पुन्हा उतरतो, आणि उपचार उशिरा सुरू झालेल्या रुग्णात औषधांनंतर सुधारतोही. अल्झायमर असा मागे फिरत नाही.

तिसरी खूण माझ्या मते सर्वांत मोलाची, आणि ती रुग्णाच्या डोक्यात नसून त्याच्या जुन्या फाइलमध्ये असते. सीडीफोरचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आजवरचा सर्वांत खालचा आकडा किती होता? प्रतिकारशक्ती एकदा पार तळाला गेली असेल, तर नंतर ती सावरली तरी मेंदूतल्या दोषाची शक्यता जास्त राहते. २००४मध्ये आपल्याकडे साधारणपणे सीडीफोर २००च्या खाली उतरल्यावर औषध मिळे. निदान झाल्याबरोबर सर्वांना औषध, हे धोरण २०१७चे. म्हणून जुना रुग्ण आणि नवा रुग्ण, दोघांचेही वय साठ असले तरी, मेंदूच्या दृष्टीने सारखे नसतात.

दोन्ही एकत्र आले तर? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये फंक्शनल एमआरआयने मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. एचआयव्ही असलेल्यांचा रक्तप्रवाह एचआयव्ही नसलेल्या, पण १५ ते २० वर्षांनी मोठ्या माणसांइतका कमी होता. वयाचा आणि विषाणूचा परिणाम मात्र एकमेकांपासून स्वतंत्र दिसला. एकाने दुसऱ्याला भडकवल्याचे त्या मोजणीत आढळले नाही. बेरीज होते, गुणाकार नाही.

व्यवहारात साठीतल्या एचआयव्ही-रुग्णाचा विसराळूपणा पाहताना या दोघांपेक्षा आधी भलतेच आरोपी तपासावे लागतात: नैराश्य, बी-१२ची कमतरता, थायरॉइड, रक्तदाब आणि मधुमेहाने खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्या, झोपेचा अभाव. आणि गोव्यात हे वेगळे सांगायला नकोच, पण सांगतो: दारू. जुन्या गोळीतल्या एफाविरेन्झने चक्कर, विचित्र स्वप्ने, बधिरपणा येत असे. त्याची जागा आता डोल्यूटेग्राविरने घेतली आहे. डोकेदुखी, ताप, एका बाजूची कमजोरी, किंवा काही दिवसांत आलेला गोंधळ असेल तर वय-एचआयव्हीची चर्चा सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; टॉक्सोप्लाझ्मा किंवा क्रिप्टोकॉकसचा मेंदूतला संसर्ग थांबून राहत नाही.

एक अडचण फक्त माणसांची आहे. गोवा लहान, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून लोक आपला तालुका सोडून दुसरीकडच्या एआरटी केंद्रात जातात. तिथे सीडीफोर, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) विचारले जाते, तबल्याचे कोणी विचारत नाही. आणि बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतीच्या तक्रारीसाठी मुलगा घेऊन जातो, त्याला वडिलांच्या गोळ्या कसल्या हेच माहीत नसते. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, रुग्णाच्या संमतीवाचून ही माहिती उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. मुलाला बाहेर बसवून डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे, असे म्हणण्याचा हक्क मात्र रुग्णाला आहे. जाताना सर्वांत जुन्या सीडीफोरचा कागद बरोबर न्यावा.