बास रॉड : दर्जा आणि टिकाऊपणा

बास रॉड म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत, धरणांत मिळणारे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास जातीचे मासे पकडायचा रॉड, साधारण साडेसहा ते साडेसात फूट लांब आणि बहुतेक वेळा एकाच तुकड्याचा. लार्जमाउथ बुडालेल्या झाडांत नाहीतर पाणवनस्पतीत दडून बसतो, त्यामुळे आमिषाला नुसतं तोंड लागलं तरी ते हाताला कळलं पाहिजे आणि मासा गळाला लागला की जोर लावून त्याला त्या गचपणातून बाहेर ओढताही आलं पाहिजे, आणि खरी गोम हीच की पहिल्यासाठी रॉड हलका-ताठ लागतो, दुसऱ्यासाठी दणकट.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे रॉड आले, १९७० च्या दशकात फेनविक कंपनीने ग्रॅफाइट म्हणजे कार्बन फायबरचे आणले, आणि १९७६ मधे शेक्सपिअर कंपनीने दोन्ही एकत्र करून अग्ली स्टिक काढला, तो अजून विकला जातो. ग्रॅफाइटमधे मॉड्युलस म्हणजे फायबरचा ताठपणा. तो वाढला की कमी मटेरियलमधे काम भागतं, ब्लँकची म्हणजे रॉडच्या मूळ पोकळ दांड्याची भिंत पातळ होते, रॉड हलका आणि सेन्सिटिव्ह होतो पण ठोका सोसायची ताकद घटते. म्हणजे महाग रॉड जास्त टिकेलच असं अजिबात नाही, उलट बऱ्याचदा तोच जास्त जपावा लागतो. रॉडवर छापलेलं आयएम-६, आयएम-७ वगैरे ही हेक्सेल कंपनीच्या फायबरची नावं, दर्जाचा शिक्का नव्हे. आणि फायबरग्लास म्हणजे स्वस्तातला माल असंही नाही, क्रँकबेटसाठी (ओढलं की पाण्यात थरथरत जाणारं माशाच्या आकाराचं नकली आमिष) कित्येक जण मुद्दाम ग्लासच घेतात कारण तो सावकाश वाकतो आणि गळ माशाच्या तोंडातून निसटत नाही.

दुकानात आधी गाइड बघायचे, म्हणजे ज्यांतून लाइन (दोरी) जाते त्या रॉडवरच्या कड्या. मुठीकडून डोळा लावून पाहिलं तर सगळे एका रेषेत दिसले पाहिजेत, गाइड बांधलेल्या दोऱ्यावरचं इपॉक्सी सगळीकडे सारखं हवं, बुडबुडे नकोत. गाइडच्या आतल्या रिंगमधून कापूस फिरवला आणि तंतू अडकले की समजायचं तडा आहे, तिथे लाइन कापली जाणार. ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन वापरायची असेल तर सिलिकॉन कार्बाइडसारखी कडक रिंग चांगली, कमी दर्जाच्या रिंगला ब्रेड खाचा पाडते. रील (लाइन गुंडाळायची चकरी) बसवून रीलसीट, म्हणजे ती बसते ती जागा, हलतं का तेही बघायचं. कॉर्कच्या मुठीत भोकं बुजवायला भुसा-गोंद भरलेला दिसला तर कॉर्क कमी दर्जाचा. टोक छताला दाबून वाकवायची सवय मात्र वाईट, त्यात चांगला रॉडही मोडतो.

रॉड मोडतो तो मासा ओढताना, पण दोष बऱ्याचदा आधीचाच असतो. कास्ट करताना म्हणजे आमिष फेकताना जिग (वजनदार डोक्याचा गळ) ब्लँकवर आपटतो, रॉड बोटीच्या काठावर घासतो, गाडीच्या दारात सापडतो, बारीक चरा पडतो आणि पुढे कधीतरी जोर आला की तिथूनच फट्‌. दुसरं कारण म्हणजे मासा बोटीजवळ आल्यावर रॉड सरळ उभा धरणं, तेव्हा सगळा भार शेंड्यावर येतो जिथे ब्लँक सगळ्यात बारीक असतो. ब्रेडेड लाइन ताणत नाही म्हणून धक्का थेट रॉडला बसतो, ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक, थोडा सैल ठेवलेला बरा.

शेंड्याचा इंचभर तुकडा गेला तर रॉड टाकून द्यायची गरज नाही, उरलेल्या टोकाला बसेल अशा मापाचा टिप-टॉप (टोकावरचा शेवटचा गाइड) हॉट-मेल्ट म्हणजे गरम करून वितळवायच्या गोंदाने चिकटवता येतो, फक्त टोक जरा ताठ होतं.