अ‍ॅड्रिनल, लिव्हर आणि व्हिटॅमिन: मागची गोष्ट

स्टेरॉइडच्या गोळ्यांचा आणि व्हिटॅमिनचा काय संबंध, असं बरेच जण विचारतात. संबंध जुना आहे, थोडं मागं जावं लागेल.

किडनीवर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडली की माणूस खंगतो, कातडी काळवंडते, हे लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसननं १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढं सत्तरेक वर्षांनी हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जीला वाटलं, कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं आणि संत्रं पडत नाही, तर कातडी काळी पडण्यामागंही तसंच काही असेल. अंदाज चुकला, पण त्यापायी त्यानं बैलांच्या अ‍ॅड्रिनलमधून एक पांढरा पदार्थ काढला, मग अमेरिकेत कत्तलखान्यातून ढिगानं ग्रंथी आणून आणून हाती लागले जेमतेम २५ ग्रॅम, आणि १९३२ मध्ये कळलं की हेच व्हिटॅमिन सी! म्हणजे हॉर्मोन शोधायला गेला आणि व्हिटॅमिन सापडलं.

उंदीर, शेळी हे सी स्वतःच्या लिव्हरमध्येच बनवतात. आपल्याकडं शेवटच्या पायरीचं एन्झाइमच नाही, म्हणून आपल्याला ते खाण्यातूनच घ्यावं लागतं. उंदराला एसीटीएच, म्हणजे अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारं हॉर्मोन, टोचलं की अ‍ॅड्रिनलमधलं सी झपाट्यानं उतरतं, आणि १९४० च्या दशकात तर ही घट मोजूनच एसीटीएचची ताकद ठरवायचे.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो स्वित्झर्लंडचा केमिस्ट टाडेउश राइखश्टाइन. त्यानं १९३३ मध्ये व्हिटॅमिन सी बनवायची रीत बसवली, आणि १९५० चं नोबेल मिळालं ते अ‍ॅड्रिनल हॉर्मोन्ससाठी, अमेरिकेतल्या केंडल आणि हेंचबरोबर.

हेंचनं १९४८ मध्ये संधिवाताच्या पेशंटला कॉर्टिसोन, म्हणजे अ‍ॅड्रिनलमधलंच एक स्टेरॉइड हॉर्मोन, दिलं, अंथरुणाला खिळलेली बाई चालायला लागली, सगळीकडं स्टेरॉइड सुरू झालं आणि मग एकेक त्रास दिसू लागले, जखमा भरेनात. इथं लिव्हर येतं, कारण व्हिटॅमिन एचा बहुतेक साठा तिथंच असतो, आणि कॉर्टिसोन दिलेल्या उंदरांच्या लिव्हरमधलं ए कमी होतं. १९६८ मध्ये एर्लिक आणि हंट यांनी अशाच उंदरांना व्हिटॅमिन ए दिलं तर जखमा पुन्हा भरायला लागल्या, आणि पुढच्या वर्षी माणसांच्या उघड्या जखमांवरही तेच दिसलं.