बेगमपुरा

बेगमपुरा : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराचे जुने उपनगर. मोगलकालीन तटबंदीच्या उत्तर-पश्चिमेस, खाम नदीच्या पलीकडच्या काठावर ते वसले आहे. मक्का दरवाजा (बोलीत ‘मकई गेट’) आणि पाणचक्कीलगतचा महमूद दरवाजा यांच्या पुढील पुलांवरून शहरातून तेथे जाता येते. बीबी का मकबरा, पाणचक्की, थत्ते हौद, सोनेरी महाल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर आणि त्यामागच्या डोंगरातील बौद्ध लेणी ही सारी स्थळे बेगमपुरा व त्याला लागून असलेला पहाडसिंगपुरा यांच्या आसमंतात येतात. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर शहरात एक दिवस थांबणाऱ्या प्रवाशाचा तो दिवस बहुधा याच भागात जातो.

मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी येथे निजामशाहीची राजधानी वसवली, त्याच्या मुलाने तिला फतेहनगर म्हटले आणि १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने तिला आपले नाव दिले. मोगल अमलात उमराव आणि राजपूत सरदार यांच्या छावण्यांभोवती त्यांचे लष्कर, कारागीर व व्यापारी स्थिरावले आणि त्या वस्त्यांना ‘पुरा’ हे पद लावण्याची रीत रूढ झाली. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा ही नावे अशीच पडली. ‘बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे’ ही शहराविषयीची उक्ती सर्वश्रुत आहे, मात्र काही वृत्तांतांत पुऱ्यांची संख्या चोपन्न दिलेली आढळते. बावन्न वीर, बावन्नकशी यांप्रमाणे येथेही ‘बावन्न’ हा आकडा पुष्कळपणा सुचवणारा असावा, मोजणीचा नसावा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. बेगमपुऱ्याचे नाव औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्यावरून आले, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही. मृत्यूनंतर तिला ‘राबिया-उद्-दौरानी’ असे संबोधण्यात आले. ‘राबिया दुर्राणी’ हे प्रचलित रूप त्याचाच अपभ्रंश असून अफगाण दुर्राणी घराण्याशी त्याचा संबंध नाही. १६८२ च्या सुमारास मराठ्यांच्या स्वाऱ्यांना तोंड देण्यासाठी मूळ शहराला तट घातला गेला. बेगमपुऱ्याभोवतीही पुढे स्वतंत्र तट उभा राहिला. त्याचे तुटक अवशेष आज नव्या वस्तीत मिसळून गेले आहेत.

बीबी का मकबरा ही बेगमपुऱ्यातील प्रमुख वास्तू. तिच्या कालाविषयी स्थलदर्शक पुस्तिकांत व कित्येक संदर्भग्रंथांत ‘१६५१ ते १६६१’ असा उल्लेख वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि राजपुत्र आझमशहाने आईच्या स्मरणार्थ ही कबर बांधली, असेही त्यासोबत सांगितले जाते. ही दोन्ही विधाने एकत्र स्वीकारणे कठीण आहे. दिलरास बानूचा मृत्यू ऑक्टोबर १६५७ मध्ये, राजपुत्र अकबराच्या जन्मानंतर सुमारे महिनाभराने, याच शहरात झाला. तेव्हा १६५१ मध्ये तिच्या कबरीचे काम सुरू होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्या वर्षी खुद्द औरंगजेब दख्खनमध्ये नव्हता, मुलतानच्या सुभेदारीवर होता. आझमशहाचा जन्म जून १६५३ मधला आहे. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि इमारत पुरी झाली असे ज्या वर्षी मानले जाते, तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा. मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावरील लेखात अताउल्ला हा वास्तुरचनाकार आणि हंसपतराय हा स्थापत्याचे काम पाहणारा, अशी दोन नावे येतात. लेखातील हिजरी १०७१ हे साल इसवी सनाच्या १६६०–६१ शी जुळते. म्हणून बांधकामाचा मुख्य टप्पा १६५७ अखेर ते १६६१ या तीन-साडेतीन वर्षांत बसवावा लागतो, आणि त्याचा कर्ता औरंगजेब मानणे अधिक ग्राह्य ठरते. आझमशहाचे नाव वास्तूशी कसे जोडले गेले, याचा एक संभाव्य उलगडा असा की त्याने प्रौढपणी येथे डागडुजी वा भर घातली असावी आणि लोकस्मृतीने सारे श्रेय मुलाच्या पदरी टाकले असावे. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे १६५८ च्या आरंभी औरंगजेब वारसायुद्धासाठी उत्तरेकडे निघाला आणि पुढे वीसहून अधिक वर्षे दख्खनमध्ये परतला नाही. काम चालू असताना ते करवून घेणारा दूर आग्रा-दिल्लीकडे गुंतलेला होता.

अताउल्ला हा ताजमहालाशी संबंधित उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. त्यामुळे दोन्ही वास्तूंची तुलना अपरिहार्य असली, तरी ‘दख्खनचा ताज’ या बिरुदाने पाहणाऱ्याची थोडी दिशाभूल होते, असे म्हणावे लागते. गुलाम मुस्तफा याच्या ‘तारीखनामा’ या ग्रंथाच्या आधारे मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा सांगितला जातो. ताजमहालाच्या खर्चाचे जे अंदाज केले जातात, ते याच्या कितीतरी पट आहेत. भिंतींच्या खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, त्यावर घुमटाच्या पायथ्यापर्यंत काळा पाषाण आणि चुन्याचा घोटीव गिलावा, आणि पुन्हा घुमट संगमरवरी, अशी या वास्तूची घडण आहे. काटकसर म्हणून ती हिणवली जाते, पण गिलाव्यावरील वेलबुट्टीचे काम हा दख्खनी कारागिरीचा स्वतंत्र विशेष आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. चारबाग (चार भागांत विभागलेल्या बागेच्या) पद्धतीचे आवार सुमारे ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद असून प्रत्यक्ष कबर उंच जोत्याच्या आत खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या कुंपणात आहे. वरच्या सज्जातून ती खाली दिसते. अनेक प्रवासी तेथून नाणी टाकतात. पश्चिमेकडील मशीद मूळ आराखड्यातील नाही, ती निजामाच्या काळात उभी राहिली, असा समज आहे. तिच्यामुळे समोरासमोरचा तोल काहीसा बिघडलेला चटकन जाणवतो. स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे.

बेगमपुऱ्याची वस्ती नदीकाठी असली, तरी तिची तहान नदीने भागवलेली नाही. या शहराला डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बांधीव मार्गाने आणण्याची परंपरा मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरीपासून लाभली होती. तिचे काम सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाले असावे. पुढे मोगल व आसफजाही (हैदराबादच्या निजामांच्या) काळात तशाच आणखी नहरी निघाल्या. पद्धत थोडक्यात अशी : पाणथळ थरात विहिरी व चर खोदून झिरपणारे पाणी एकत्र करायचे, ते उताराने भूमिगत नळांतून वाहू द्यायचे, आणि वाटेत ठराविक अंतरावर उंच मनोरे उभारून नळात अडकलेली हवा बाहेर सोडायची व पाण्याचा दाब आटोक्यात ठेवायचा. इराणातील कनात पद्धतीशी तिचे साम्य पुष्कळ अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी कनातीत पाणी केवळ उताराने वाहते आणि येथे दाबाने मनोऱ्यात चढवलेही जाते, हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. दख्खनच्या कातळात आणि पावसाळी झऱ्यांच्या प्रदेशात मूळ तंत्राला आलेले हे वळण असावे.

या तंत्राचा सर्वांत स्पष्ट नमुना म्हणजे पाणचक्की. उत्तरेकडील डोंगरातल्या विहिरीचे पाणी काही किलोमीटर अंतर मातीच्या नळांतून येते, एका उंच भिंतीत चढते आणि तिच्या माथ्यावरून जलाशयात कोसळते. चक्कीघरात या पाण्याच्या मार्‍याने आडवे पाते फिरते व त्याच्या आसाला जोडलेले जाते दळू लागते. फकीर, प्रवासी व आसपास तळ दिलेले सैनिक यांच्यासाठी येथे धान्य दळले जाई. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ हाच नदीच्या बाजूने असलेल्या एका खांबांच्या दालनाचे छत आहे. पाण्याखालचे हे दालन उन्हाळ्यात थंड राहते आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात या युक्तीचे मोल कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. बांधकामाची साले निरनिराळी मिळतात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७४४ पर्यंतचे निर्देश आढळतात आणि नहरीचे श्रेय निजामुल्मुल्क आसफजाहाच्या पदरच्या तुर्कताजखानाला, तर हौदाच्या विस्ताराचे जमील बेगखानाला दिले जाते. ही कामे टप्प्याटप्प्याने झाली असावीत. एकच साल मानण्यापेक्षा अठराव्या शतकाचा पूर्वार्ध असे म्हणणे सुरक्षित आहे.

पाणचक्की ज्या दर्ग्याच्या आवारात आहे, त्यातील संताच्या नावाविषयीही घोळ आहे. काही फलकांवर व पुस्तकांत ‘बाबा शाह मुजफ्फर’ असे लिहिलेले दिसते. या तकियाची (फकिरांच्या वसतिस्थानाची) स्वतःची मल्फुजात (संतांच्या वचनांचे व आठवणींचे संकलन) उपलब्ध असून ती शिष्य शाह महमूद याच्या हाताखाली सिद्ध झाली. तीत संताचे नाव बाबा शाह मुसाफिर असेच येते, तेव्हा तेच स्वीकारावे. मुसाफिर हे मध्य आशियातील बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे, नक्शबंदी या सूफी परंपरेतले होते. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे निजामुल्मुल्काचा पिता गाझीउद्दीनखान फिरोजजंग याच्या फौजेबरोबर दख्खनमध्ये वावरले. तुराणी (मूळच्या मध्य आशियाई) सरदारांनी या तकियाला आश्रय का दिला, हे त्यावरून कळते. शेजारच्या दरवाज्याला महमूद दरवाजा म्हणतात, तो बहुधा याच शाह महमूदच्या नावाने. आवार वक्फ मंडळाच्या व्यवस्थेखाली आहे. तेथील विस्तीर्ण वटवृक्षाचे वय शतकांत सांगितले जाते, पण त्याला लेखी आधार नाही.

थत्ते हौद बेगमपुऱ्याच्या आतल्या वस्तीत आहे. थत्ते घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा हा दगडी हौद त्याच नावाच्या नहरीच्या पाण्यावर भरत असे. मोगल उमरावांच्या वस्तीत ब्राह्मण घराण्याची नहर यावी, ही गोष्ट पुऱ्याच्या नंतरच्या इतिहासावर प्रकाश टाकणारी आहे.

पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महाल डोंगराच्या पायथ्याशी, विद्यापीठाच्या शेजारी उभा आहे. औरंगजेबाबरोबर दख्खनमध्ये आलेल्या बुंदेला सरदाराने तो बांधला, असे सांगतात आणि पुऱ्याच्या नावावरून त्याचा संबंध पहाडसिंगाशी जोडला जातो. आतील सोनेरी रंगातील चित्रांमुळे महालाला हे नाव पडले. ती चित्रे आता जवळजवळ लोपली आहेत. दगड-चुन्याच्या या दुमजली इमारतीत राज्य पुरातत्त्व विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे. मागील गोगाबाबा टेकडी व हनुमान टेकडी येथे पहाटे चढणाऱ्यांची नित्य वर्दळ असते आणि वरून मकबऱ्याचा घुमट व त्यापलीकडे पसरलेले शहर एका दृष्टिक्षेपात येते.

मकबऱ्याच्या उत्तरेस सुमारे दोन किलोमीटरवर औरंगाबाद लेणी आहेत. तीन गटांत विखुरलेल्या बारा लेण्यांपैकी चौथे हे चैत्यगृह असून ते सर्वांत जुने, हीनयान काळातले मानले जाते. बाकी बहुतेक विहार सहाव्या-सातव्या शतकांतले आहेत, असे सामान्यतः समजतात. पहिल्या व तिसऱ्या लेण्यांची अजिंठ्याच्या उत्तरकालीन कामाशी इतकी जवळीक आहे की ती पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असावीत, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. तिसऱ्या लेण्यात बसलेल्या बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकलेल्या स्त्री-पुरुष उपासकांचे समूह कोरलेले आहेत. त्यांचे दागिने, केशरचना व चेहऱ्यांवरील भाव यांत शिल्पकाराने ओळखीची माणसे डोळ्यांसमोर ठेवली असावीत, असे वाटते. सातव्या लेण्याच्या दाराशी आगीपासून, तलवारीपासून, बेड्यांपासून, जहाज फुटण्यापासून, सिंह, साप, हत्ती व मृत्यूपासून भक्तांना सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे, तर गर्भगृहात स्त्री-वादकांच्या मेळ्यात नृत्य करणारी स्त्री आहे. भारतीय नृत्यशिल्पांत या पट्टाचे स्थान वरचे आहे. वेरूळच्या सावलीत राहिल्याने या लेण्यांकडे प्रवासी वळत नाहीत. परिणामी येथे निवांतपणे पाहता येते. पायथ्याशी धम्मचक्र प्रवर्तन दिनी मोठी गर्दी जमते.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. नामांतराच्या दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडले गेले. दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी राज्यभरातून लोक येतात. परिसरात इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे.

बेगमपुऱ्याच्या बाजारात व मकबऱ्याच्या रस्त्याला हिमरू शालींची दुकाने आहेत. सूत व रेशीम यांच्या मिश्रणाचे हे विणकाम मुहंमद तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्लीहून राजधानी हलवली तेव्हा दौलताबादला आले, अशी परंपरा आहे. दुकानांतील बराच माल यंत्रमागावरचा असल्याने हातमागाचा कपडा हवा असल्यास विणकर प्रत्यक्ष मागावर बसतो अशा ठिकाणी जाणे इष्ट.