एक पाऊल आधी

डोळे मिटून घरातल्या घरात चालायला सांगितलं, की बहुतेकांचे हात तीन-चार पावलांत आपोआप पुढे येतात आणि पाय फरशीवर घासू लागतात. घर आपलं, दार कुठे आणि टेबल कुठे ते पाठ. तरी पाऊल उचलवत नाही. हा प्रयोग करून ‘अंधांचं जगणं किती भयंकर’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. पोहता न येणाऱ्याला पाण्यात ढकलायचं आणि मग त्याने पट्टीच्या पोहणाऱ्यांची कीव करायची, तसला हा प्रकार आहे. डोळे मिटल्यावर जी भीती वाटते ती अंधाराची कमी आणि उशिराची जास्त असते. समोर खुर्ची आहे हे नडगीला कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून दृष्टीशिवायच्या प्रवासाचा सगळा प्रश्न एका मापात मांडता येतो: पुढचं किती आधी कळतं? डोळ्याला शंभर मीटरवरचा खड्डा दिसतो. तळपायाला तो पडतानाच कळतो. या दोन टोकांच्या मध्ये जे काही आहे, त्याचंच शास्त्र अंध माणूस शिकतो.

पांढऱ्या काठीपासून सुरुवात करू. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ मीटर, या वेगाने माणूस चालत असेल आणि काठीचं टोक पावलाच्या एक मीटर पुढे असेल, तर पायरी संपल्याची बातमी त्याला सुमारे ०.७ सेकंद आधी मिळते. थबकायला तेवढा वेळ पुरतो, पण जेमतेम. काठी आखूड असली की हाच वेळ घटतो आणि चाल मंदावते. पूर्वीच्या काठ्या टेकायच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज इथल्या लष्करी रुग्णालयात शिकवताना रिचर्ड हूवर यांनी काठी लांब आणि हलकी केली, आणि ती टेकण्याऐवजी झुलवायला शिकवली. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकतं. हे उलटं वाटतं खरं, पण त्यात मेख आहे: पुढचं पाऊल डावं असणार, आणि ते जिथे पडणार ती जागा टोकाने आधीच तपासून ठेवलेली असते. झोका खांद्यांपेक्षा थोडासाच रुंद. फार रुंद झाला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, अरुंद झाला तर खांबाला खांदा.

हाताला नेमकं काय कळतं? फूटपाथची कड आली की टोक टेकायच्या ठिकाणी टेकत नाही, खाली निसटतं आणि मूठ किंचित बुडते. लोखंडी झाकणावर टोक खणकतं, मातीवर बद्द वाजतं, खडीवर खरखरतं. पण काठी कमरेच्या वर काही सांगत नाही. अर्धवट उघडी खिडकी, वाकलेली फांदी, उभ्या ट्रकचा मागे आलेला फाळका यांच्याखालून ती सुखरूप निघून जाते आणि कपाळ आपटतं. हीच उणीव भरून काढायला श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडणाऱ्या काठ्या निघाल्या. वरच्या अडथळ्यावरून लहर परतली की त्यांची मूठ थरथरते.

काठीच्या पलीकडचं सांगतो तो कान. पण हे मान्य व्हायला बराच काळ गेला. भिंत जवळ आली की ती चेहऱ्याला जाणवते, असं अनेक अंध व्यक्ती सांगत. १७४९ साली फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो यानेही अंधांवरच्या आपल्या पत्रात चेहऱ्यावरच्या हवेच्या स्पर्शाचं कारण दिलं होतं. १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी याची सरळ परीक्षा घेतली. चेहरा जाड नमद्याने झाकला तरी माणसं भिंतीपाशी थांबत. कान बंद केले की थेट जाऊन धडकत. बूट काढून गालिच्यावर चालायला लावलं की अंदाज बिघडे, कारण पावलांचा आवाजच उरत नसे. ‘चेहऱ्याची नजर’ म्हणजे खरं तर पावलांचा प्रतिध्वनी होता, आणि तो ऐकणाऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

पटत नसेल तर तळहात तोंडासमोर हातभर अंतरावर धरा, एकसारखा ‘स्स्स’ असा आवाज काढा आणि हात हळूहळू जवळ आणा. आवाजाचा पोत बदलेल. दोन मीटरवरच्या भिंतीवरून ध्वनी सुमारे १२ मिलिसेकंदांत परत येतो. एवढा जवळचा प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळून त्याचा रंग तेवढा पालटतो. काहीजण जिभेने टिचकी वाजवून हे कौशल्य फार पुढे नेतात. अशा दोन निष्णात अंध व्यक्तींच्या मेंदूचं स्कॅन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूचा एरवी पाहण्याचं काम करणारा भाग जागा होत होता. २०२१ मधल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या सरावाने अंध आणि डोळस दोघांनाही ही विद्या बरीच जमली, वयस्करांनासुद्धा. जोराचा वारा किंवा यंत्रांची घरघर असली की मात्र सगळं बुडतं. अंध माणसासाठी गोंगाट म्हणजे धुकं.

रस्ता ओलांडताना कान आणखी एक काम करतो. चौकात उभं राहून आपल्या बाजूने, आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या कधी सुटतात याचा कानोसा घ्यायचा. त्या सुटल्या म्हणजे आडवी वाहतूक थांबली असण्याची शक्यता मोठी. शिवाय त्यांच्या आवाजाला समांतर चाललं की रेघ सरळ राहते. हा दुसरा फायदा लहान नाही. खुणेचा आधार नसेल तर कुणालाच सरळ चालता येत नाही. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी डोळे बांधून माणसांना मोकळ्यावर चालायला लावलं, तर ती गोल फिरू लागली, काही वेळा जेमतेम २० मीटर व्यासाच्या वर्तुळात. विजेच्या गाड्यांनी इथे घोटाळा केला, कारण कमी वेगात त्यांचा आवाजच येत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३८ मध्ये अशा गाड्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करण्याची अट आली. त्याहून वेगात टायरच पुरेसे वाजतात.

पायाखालच्या त्या उंचवट्यांच्या फरश्याही रेघ राखायलाच आहेत. सेइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये जपानच्या ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे ‘चला’, गोल टिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. या फरश्यांवर दुचाकी उभी करणाऱ्याला हे वाक्य कुणीतरी वाचून दाखवावं. मोबाइलचं जीपीएस गल्ली सांगतं, दार नाही: काही मीटरची चूक त्यात असतेच, आणि दारासाठी काही मीटर म्हणजे शेजारचं घर.

अल्पदृष्टीचं गणित वेगळंच. नजरेचा मध्यभाग गेलेल्याला चालता व्यवस्थित येतं, बसचा नंबर वाचता येत नाही. काचबिंदूत कडेची नजर गेलेला माणूस बारीक अक्षर वाचतो आणि पायाशी असलेल्या स्टुलाला अडखळतो. मग ‘सोंग करतोय’ म्हणून बोलणीही खातो. अशांना जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला रंगीत पट्टा असला तर फार फरक पडतो. उन्हातून आत आल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहून नजर ठरू देणं, हा न लाजता पाळायचा नियम.

आणि मदत करायची झाली तर? आधी विचारा. दंड धरून पुढे ढकलू नका. त्यात त्या माणसाला काहीच आधी कळत नाही. आपलं कोपर द्या. कोपराच्या थोडं वर धरून तो अर्धं पाऊल मागे चालेल आणि तुमचं अंग वळलं, चढलं, थबकलं की त्याला ते अर्धं पाऊल आधी समजेल. जिन्यापाशी क्षणभर थांबा, आणि नुसतं ‘जिना आहे’ म्हणू नका. वर जातो की खाली, ते सांगा.