लोकेटची यादी आणि ती कोणी वाचायची

युनिक्स-लिनक्सवर नावावरून फाइल शोधायच्या दोन कमांड आहेत, फाइंड आणि लोकेट. फाइंड दर वेळी डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे फोल्डरांमध्ये, शिरून शोधतं आणि लोकेट आधीच बनवलेल्या यादीत बघतं, एवढं सगळ्यांना माहितीये. ही यादी आली कुठून आणि तिच्यावरून भांडण कसलं झालं ते बघू.

१९८३ मध्ये युनिक्सवाल्यांच्या एका नियतकालिकात ही आयडिया छापून आली. तेव्हा डिस्क हळू होत्या आणि जागा महाग, त्यामुळे यादी छोटी ठेवणं हेच खरं काम होतं, आणि त्यासाठी काढलेली युक्ती मला आजही जबरदस्त वाटते. नावं क्रमाने लावली की शेजारच्या दोन नावांची सुरुवात बहुतेक सारखीच निघते, म्हणजे 'ठाणे/कोपरी'च्या खाली 'ठाणे/कोलशेत' आलं तर 'ठाणे/को' परत कशाला लिहायचं, किती अक्षरं वरच्यासारखी तो आकडा ठेवायचा आणि पुढे फक्त 'लशेत'. शिवाय वारंवार येणाऱ्या अक्षरजोड्यांना एकेकच बाइट. १९८६ च्या बीएसडी ४.३ मध्ये (बीएसडी म्हणजे युनिक्सचाच एक प्रकार) हे फाइंडच्याच पोटात होतं, ४.४ मध्ये लोकेट वेगळी कमांड झाली.

मी शिकलो ते नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये, रेड हॅट ९ या लिनक्सवर. यादी बनायची वेळ पहाटे ४ वाजून २ मिनिटं आणि क्लासची मशीनं रात्री ९ लाच बंद व्हायची, मशीन बंद असताना राहिलेली कामं नंतर उरकणारं ॲनाक्रॉनही टाकलेलं नव्हतं, मग लोकेट मारलं की आधी वॉर्निंग यायची की डेटाबेस ८ दिवसांहून जुना आहे. आम्ही रूटने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरने, यादी नव्याने बनवणारी अपडेटडीबी ही कमांड चालवायचो आणि पुढे जायचो. तिथं लोकेट टाइप केलं तरी चालायचं ते एसलोकेट, हे मला फार उशिरा कळलं. नाव एकच, पण मशीनगणिक आतला प्रोग्रॅम वेगळा, आणि हा फरक नुसता नावाचा नाहीये.

मुद्दा असा की यादी कोणाच्या नजरेने बनवायची? जुनी पद्धत म्हणजे नोबडी या फारसे हक्क नसलेल्या युजरने बनवायची, त्याला जे दिसतं तेवढंच यादीत. सेफ आहे, पण मग स्वतःच्या होम फोल्डरमधली इतरांना बंद ठेवलेली फाइल स्वतःलाच सापडत नाही. एसलोकेटने उलटं केलं, यादी रूटने बनवायची, ती एका खास ग्रुपलाच वाचता येणार, लोकेट त्या ग्रुपच्या हक्काने चालणार आणि प्रत्येक नाव दाखवायच्या आधी तुम्हाला ते दिसायला हवं का हे तपासणार. विरोध करणारे म्हणायचे की जादा हक्काचा प्रोग्रॅम म्हणजे धोका, आणि २००३ मध्ये एसलोकेटमध्ये बफर ओव्हरफ्लो, म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जायची चूक, सापडलाही. तरी मला एसलोकेटचंच बरोबर वाटतं.

कारण महापेच्या एका ऑफिसात मी उलट प्रकार बघितलाय. शेअर्ड सर्व्हरवर जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं लोकेट होतं, त्यात अशी तपासणी नसते, आणि कोणीतरी रूटने अपडेटडीबी चालवून ठेवलं. एका सहकाऱ्याने स्वतःची 'लेटर' नावाची फाइल शोधली तर स्क्रीनवर एचआरच्या फोल्डरमधली टर्मिनेशन लेटर्स, प्रत्येक नावात एक आडनाव. फाइल उघडत नव्हती, परमिशन नव्हतीच, पण आडनावं वाचून झाली होती, आणि त्यातलं एक आमच्याच रांगेत बसणाऱ्याचं होतं. नुसतं नावही गुपित असू शकतं हे त्या दिवशी पटलं.

त्यानंतर आलं एमलोकेट, ते डिरेक्टरी शेवटची कधी बदलली ती वेळ बघतं आणि बदल नसेल तर जुनीच नोंद ठेवतं, त्यामुळे रात्रीची डिस्कची घरघर कमी झाली. २०२० मध्ये पीलोकेट आलं. ते तीन-तीन बाइटच्या तुकड्यांची अनुक्रमणिका ठेवतं, म्हणजे 'कोपरी' शोधताना अख्खी यादी न वाचता ते तुकडे जिथे एकत्र येतात तेवढंच बघायचं. डेबियन १२ मध्ये एमलोकेट मागितलं तरी पीलोकेटच मिळतं. फाइंडच्या जागी वापरायचं एफडी २०१७ चं, त्याला यादीच लागत नाही, ते अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी अनेक धाग्यांनी, थेट डिस्क चाळतं, पण लपलेल्या आणि गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) वगळलेल्या फाइली आपणहून सोडून देतं, त्यामुळे नवीन माणूस हमखास फसतो.

यादी कोणी वाचायची याचं उत्तर मात्र एमलोकेट आणि पीलोकेट दोघांनी एसलोकेटचंच ठेवलंय, खास ग्रुप आणि दाखवण्याआधी तपासणी. त्या सर्व्हरवर आता पीलोकेट आहे.